वाक्यात उपयोग करा

चौथीच्या चाचणीत मी एक शब्द घातला: निसरडा.
पुस्तकामागच्या यादीत तो अकरावा होता.
अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. गुण दोन.

मी माण तालुक्यातली.
आमच्याकडे माती पायाला धरून ठेवते,
खडा चपलेत शिरतो आणि संध्याकाळपर्यंत सोबत करतो.
हा शब्द मी लहानपणी पाठ केला,
समुद्र पाठ केला होता तसाच,
नकाशावर, निळ्या खडूनं.
त्यामुळे अर्थ सांगताना अडखळले नाही.
"ज्यावरून पाय घसरतो असा."
फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली.

त्याआधीच, निवतीला रुजू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात,
ओहोटीच्या खडकांवर आपटले होते.
कोपर सोललं.
अबोली साडीवरचा शेवाळाचा डाग
अजून तिथंच आहे, धुऊन धुऊन साडी विटली.
जाळं शिवत बसलेला गुणाजी मेथर जागचा हलला नाही.
"बाई, फातर एकटो आसता तेवा निसरडो नसता,"
सुतळी दातानं तोडत म्हणाला,
"तुमचो पाय लागलो म्हणान झालो."

हे मात्र मी फळ्यावर लिहिलं नाही.

त्याची होडी पाण्यात उतरते ती पहाटे.
ओंडके आडवे टाकतात, त्यांवर मोरीचं तेल चोपडतात,
वास असा की दुपारी डबा उघडवत नाही.
नऊ माणसं रेटतात, होडी ढिम्म,
कुणीतरी आणखी एक हात तेल ओततो,
पुन्हा रेटतात,
आणि रात्रभर जमिनीची असलेली होडी
एकाएकी कुणाचीच राहत नाही.
गुणाजी हात पुसत नाही. पुसून जाणार कुठे?
"निसरडा नाय तर पोट नाय," म्हणतो,
आणि मला आठवतं, मी हा शब्द
धोक्याच्या पाटीवर लिहायच्या शब्दांत बसवला होता.

तसे इथे त्याचे भाऊबंद पुष्कळ.
वाम बुळबुळीत, ती हातात असूनही हातात नसते.
लाटांनी घासलेला गोटा गुळगुळीत,
पोरं तो खिशात घेऊन वर्गात येतात.
आणि रविवारी फोनवर आई विचारते, करमतं का गं,
तेव्हा मी म्हणते ते "ठीक आहे"
ह्यातल्या कशात बसतं, ठाऊक नाही.
तिला त्याला कुठं धरावं ते कळत नाही,
मग ती पावसापाण्याचं विचारते.

एकवीस पेपर.
बहुतेकांनी लिहिलं होतं: रस्ता निसरडा आहे.
गावात रस्ता एकच, तोही खड्ड्यांचा,
त्यावरून घसरायला नशीब लागतं.
दोन दोन गुण दिले.
मग हर्षाली खवणेकर, हजेरी क्रमांक सतरा:
"आई तारल्या साफ करून येते तेव्हा तिचा हात निसरडा असतो
म्हणून ती मला हाताला धरत नाही
मनगटाला धरते."

मी लाल पेनानं "हात" भोवती गोल केला.
बाजूला लिहिलं: हात? की जागा?
अर्धा गुण कापला.
पूर्णविराम एकच होता, त्याचा अर्धा वेगळा.

रात्री भांडी घासताना, साबणाच्या हातानं,
मी माझंच मनगट धरून पाहिलं.
हाडापाशी एक खोबण असते.
तिथं पकड बसते.

सोमवारी पेपर सह्या होऊन परत आले.
सतराव्यावर पालकाची सही,
"खवणेकर" मधला शेवटचा र तेलात फाकलेला,
आणि माझ्या लाल गोलाच्या अगदी कडेला
तारलीचा एक खवला.
नखानं काढून पाहिला.
ओल्या फडक्यानं पाहिला.
कागद फाटेल म्हणून सोडून दिला.